उबंटू २२.०४ वरून २४.०४ केल्यापासून लॅपटॉप हँग, लॉगमध्ये मात्र चिडीचूप

खिडकीबंद:

नमस्कार मंडळी. उबंटू २२.०४ चं २४.०४ केलं. अपग्रेड विनातक्रार पार पडलं, पण तेव्हापासून लॅपटॉप हँग होतोय. आधी हा त्रास अजिबात नव्हता.

रायझन प्रोसेसर आहे, ग्राफिक्स त्यातलंच, वेगळं कार्ड नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, त्यावर एक्स्ट४ फाइल सिस्टम. कर्नेल (सिस्टमचा गाभा) आधी ६.८ होतं, आता यूनेम -आर ६.१४ दाखवतं.

काम चालू असताना क्वचितच हँग होतो. थोडा वेळ नुसता पडून राहिला की मात्र हमखास. परत येऊन बघावं तर माउसचा बाण हलतो, ब्राउझरची उघडी टॅब वरखाली सरकते, पण नवीन टॅब उघडत नाही. टर्मिनलचं चिन्ह दाबलं तर नुसतं गरगरत राहतं. मग एकेक करत सगळंच थिजतं आणि पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही.

ग्नोम डेस्कटॉपची सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली. लॉगिनच्या पडद्यावर वेलँडऐवजी झॉर्ग (पडदा रंगवायची जुनी पद्धत) निवडून पाहिलं. फरक शून्य. पुन्हा सुरू केल्यावर जर्नलसीटीएल -बी -१ -ई ने मागच्या वेळचा लॉग पाहिला, तर शेवटच्या ओळी अगदी नेहमीच्या, एरर औषधालाही नाही. सरळ फॉरमॅट मारून २४.०४ नव्याने टाकू का?

जुना_पेंग्विन:

फॉरमॅट मारू नका. नव्याने टाकलं तरी तेच कर्नेल, तेच फर्मवेअर आणि तेच ड्रायव्हर येणार. कोऱ्या इन्स्टॉलचा उपयोग होतो तो अपग्रेड अर्धवट राहिलं असेल तर. ते तपासायला दोन मिनिटं पुरतात: सुडो डीपीकेजी --ऑडिट चालवा. काहीच छापलं नाही तर पॅकेजेस धड बसली आहेत. डीएफ -एच /बूट बघा. बूटचं विभाजन वेगळं असेल आणि गच्च भरलं असेल, तर नव्या कर्नेलची इनिटरॅमएफएस (सुरू होताना लागणारी फाइल) नीट तयार होत नाही. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टर्मिनलात अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा.)

आता नेमकं काय गोठलंय ते ठरवू. कॅप्स लॉकच्या दिव्यावर फार विसंबू नका. डेस्कटॉप चालू असताना तो दिवा पडदा रंगवणारा प्रोग्रॅमच सांभाळतो, त्यामुळे दिवा लागला नाही म्हणजे कर्नेल मेलं असं होत नाही. दिवा आपोआप लुकलुकत असेल तर मात्र ते कर्नेल पॅनिक. त्यापेक्षा कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबा. काळा पडदा येऊन लॉगिन मागितलं, तर घोटाळा डेस्कटॉपमध्ये किंवा ग्राफिक्सच्या वरच्या थरात. तेही आलं नाही तर घरातल्या दुसऱ्या मशीनवरून पिंग करा. पिंगला उत्तर मिळतंय म्हणजे कर्नेल आणि नेटवर्क शाबूत आहे.

शेवटचा उपाय सिसरिक्यू, म्हणजे थेट कर्नेलला हुकूम देणाऱ्या कळा. ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरायचं आणि आर, ई, आय, एस, यू, बी एकामागून एक, मध्ये दोन-तीन सेकंद थांबत. काही लॅपटॉपवर सोबत एफएनही धरावं लागतं. सगळीकडे हीच सहा अक्षरं लिहिलेली असतात, पण उबंटूत कर्नेल.सिसरिक्यूची किंमत मुळात १७६ असते, म्हणजे १२८ अधिक ३२ अधिक १६. यात रीबूट, डिस्क रीड-ओन्ली करणं आणि सिंक एवढ्यालाच परवानगी आहे. आर, ई, आय दाबून काही घडत नाही, आणि लोकांना वाटतं कर्नेलच गेलं. तपासणीपुरती ती १ करा: सुडो सिसकंट्रोल कर्नेल.सिसरिक्यू=१. कमांडचं खरं नाव एस-वाय-एस-सी-टी-एल आहे. रीबूट झालं की किंमत परत १७६ होते.

लॉग कोरा का दिसतो त्याचं एक साधं कारण असू शकतं. लॉग लिहिणारा जर्नलडी प्रत्येक ओळ लगेच डिस्कवर पक्की करत नाही. क्रिटिकल आणि त्याहून गंभीर ओळी आल्या तरच ताबडतोब सिंक होतं, बाकीसाठी मुदत ५ मिनिटांची. पॉवरचं बटण धरून बंद केलं की त्या ५ मिनिटांतलं बरंच काही वाफ होऊन जातं. /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फमध्ये सिंकइंटरव्हलसेक=१०एस करा आणि सिस्टमडी-जर्नलडी रीस्टार्ट करा. तपास संपला की काढून टाका, डिस्कवर उगाच लिखाण वाढतं.

सगळ्यात मोलाची चाचणी मात्र जुन्या कर्नेलची. लॅपटॉप सुरू होताना कंपनीचं चिन्ह गेल्याबरोबर एस्केप एकदाच दाबा. जास्त वेळा दाबलं तर ग्रबचा (कर्नेल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) प्रॉम्प्ट येतो, तिथे नॉर्मल टाइप करून एंटर मारा आणि लगेच एस्केप दाबा. अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ६.८ अजून असेल, ते निवडा. नवी उबंटू आणि जुनं कर्नेल अशी जोडी नीट चालली, तर ग्नोम, वेलँड, एक्स्टेन्शन्स हे सगळे एका फटक्यात निर्दोष सुटतात. उलट ६.८ वरही हँग झाला तर कर्नेल निर्दोष असेलच असं नाही, कारण लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज दोन्ही कर्नेलांना सामाईक आहे आणि अपग्रेडमध्ये तेही बदललेलं असतं. निकाल लागेपर्यंत ऑटोरिमूव्ह चालवू नका, ६.८ उडून जाईल.

रूट_माणूस:

रायझनचं अंगभूत ग्राफिक्स म्हटल्यावर माझा पहिला संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर. पडद्यावर हालचाल नसली की ग्राफिक्स चिप चित्र पाठवणं थांबवते आणि पॅनल स्वतःच्या स्मृतीतलं चित्र दाखवत राहतं. त्यातून परत जागं होताना काही पॅनल अडकतात. "नुसता पडून राहिला की हमखास" याच्याशी हे जुळतं.

ग्रबच्या मेनूत कर्नेलवर उभं राहून ई दाबा. लिनक्स शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी, स्प्लॅशच्या पुढे जागा सोडून एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१० लिहा आणि कंट्रोल+एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच राहतो, बिघडायचं काही नाही. इंटेल ग्राफिक्सवाल्यांसाठी हेच काम आय९१५.इनेबल_पीएसआर=० करतं. नोमोडसेट मात्र कायमचं घालून ठेवू नका. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हरच बाजूला पडतो, हँग थांबल्यासारखं वाटतं आणि सगळं चित्र प्रोसेसरच्या माथी बसतं.

ग्राफिक्सचा दोष असेल तर जर्नलसीटीएल -के -बी -१ मध्ये एएमडीजीपीयूच्या ओळी हव्यात: रिंग जीएफएक्स टाइमआउट, जीपीयू रिसेट वगैरे. एनव्हिडियावाल्या वाचकांनी एनव्हीआरएम एक्सआयडी शोधावं आणि डीकेएमएस स्टेटस पाहावं. नव्या कर्नेलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बांधलंच गेलं नसेल, तर मशीन एनव्हिडियाच्या ड्रायव्हरशिवायच गुपचूप चालू होतं.

शेलकी:

ग्राफिक्सकडे जायच्या आधी प्रश्नातली लक्षणं पुन्हा वाचा. बाण हलतो, उघडी टॅब सरकते, नवं काहीच उघडत नाही, आणि मग एकेक करत थिजतं. ग्राफिक्स अडकलं तर पडदा एका क्षणात गोठतो, असा हप्त्याहप्त्याने नाही. जे रॅममध्ये आधीच होतं ते चालतंय आणि ज्याला डिस्कवरून एखादी फाइल हवी ते वाट बघत बसतंय, असं हे चित्र आहे. माझ्या मते एसएसडीच गायब होतेय.

कोऱ्या लॉगचा अर्थही मग वेगळा लागतो. जर्नल त्याच एसएसडीवर राहतं. एसएसडी गेली की "एसएसडी गेली" ही ओळ लिहायला जागाच उरत नाही. त्यामुळे अशा केसमध्ये सिंकची मुदत १० सेकंद करूनही हाती काही लागत नाही. पुरावा डिस्कच्या बाहेर गोळा करावा लागतो.

दुसरं मशीन असेल तर उबंटूवर आधी ओपनएसएसएच-सर्व्हर टाका, डेस्कटॉप आवृत्तीत तो मुळात नसतो. मग दुसऱ्या मशीनवरून एसएसएचने आत शिरा आणि कर्नेलचे संदेश येतील तसे दाखवणारं सुडो डीमेसेज -डब्ल्यू चालू करून ठेवा (डब्ल्यू लहान लिपीतला). हे हँग व्हायच्या आधी करायचं. हँग झाल्यावर नव्याने लॉगिन होणार नाही, कारण लॉगिनलाही डिस्कवरच्या फाइली लागतात. पिंग चालतंय पण एसएसएच अडकतंय, ही डिस्क गेल्याची जवळजवळ सहीच. आधीपासून उघडं असलेलं डीमेसेज मात्र रॅममध्ये आहे, ते बोलत राहतं. दुसरं मशीन नसेल तर कंट्रोल+ऑल्ट+एफ३ वर लॉगिन करून तिथेच ते चालू ठेवा, डेस्कटॉपवर परत या, आणि हँग झाल्यावर तिथे उडी मारून पडद्याचा फोटो काढा.

रॅम संपून स्वॅपमध्ये (डिस्कवरच्या जादा जागेत) गटांगळ्या खाणं हा दुसरा उमेदवार, तोही असाच हळूहळू गळा आवळतो. पण त्यात बाणसुद्धा अडखळत चालतो, डिस्कचा दिवा सतत पेटलेला असतो आणि ते जड काम चालू असताना होतं. तरी खात्री हवी तर कॅट /प्रॉक/प्रेशर/मेमरी बघा. फुलच्या ओळीत एव्हीजी१० नेहमी शून्याजवळ असेल, तर रॅमला दोष देऊ नका.

आणि सिसरिक्यूबद्दल: डिस्कच नसेल तर एस आणि यूला काही अर्थ नाही, सरळ बी दाबा. बटण धरून बंद करणं आणि हे, परिणाम एकच.

खिडकीबंद:

६.८ वर चालवून पाहिलं, पडून राहिला तरी हँग नाही. ६.१४ वर डीसीडीबगमास्क लावूनही झाला. मग एसएसएचवरून डीमेसेज चालू ठेवलं आणि हे मिळालं (लिप्यंतर करून देतोय):

एनव्हीएमई एनव्हीएमई०: कंट्रोलर इज डाउन; विल रिसेट: सीएसटीएस=०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ, पीसीआय_स्टेटस=०एक्सएफएफएफएफ

त्याच्या खाली एक ओळ, डज युवर डिव्हाइस हॅव अ फॉल्टी पॉवर सेव्हिंग मोड इनेबल्ड, आणि काही पॅरामीटर लावून बघायची सूचना. त्यानंतर आय/ओ एरर आणि एक्स्ट४च्या एररची रांग, शेवटी रिमाउंटिंग फाइलसिस्टम रीड-ओन्ली. एसएसडी मेली का?

शेलकी:

या ओळीवरून तसं म्हणता येत नाही. सगळे एफ म्हणजे सगळे बिट १. पीसीआय एक्सप्रेसवर समोरून कोणी उत्तरच दिलं नाही की वाचणाऱ्याला हाच आकडा मिळतो. एसएसडी झोपेत गेली आणि हाक मारल्यावर उठली नाही. ६.८ वर नीट चालते म्हणजे चिप शाबूत असण्याची शक्यता जास्त. वीजबचतीचे नियम कर्नेलगणिक बदलतात, तेवढ्यानेही आधी झाकलेलं दुखणं वर येतं.

एनव्हीएमई एसएसडीला काही वीज-अवस्था असतात. पीएस० म्हणजे पूर्ण जागी, पुढचे आकडे अधिकाधिक गाढ झोपेचे. काम नसलं की कोणत्या अवस्थेत किती वेळाने जायचं याचा तक्ता कर्नेल एसएसडीला देतं, आणि मग ती आपली आपण झोपते. याला एपीएसटी म्हणतात. कोणती अवस्था चालेल हे कर्नेल एकाच आकड्यावरून ठरवतं: त्या अवस्थेतून बाहेर यायला किती मायक्रोसेकंद लागतात. मुळातली मर्यादा १,००,००० मायक्रोसेकंदांची आहे, म्हणजे बहुतेक एसएसडींच्या सगळ्यात गाढ अवस्थेलाही मुभा.

पहिल्यांदा संशय पक्का करा. ग्रबच्या मेनूत ई दाबून एनव्हीएमई_कोअर.डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएस=० जोडा. शून्य म्हणजे एपीएसटी पूर्ण बंद. डीसीडीबगमास्क लावला असेल तर तो काढा. एका वेळी एकच पॅरामीटर, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही.

शून्यावर हँग थांबला तरी तिथेच थांबू नका, लॅपटॉप आहे, बॅटरी खाईल. एनव्हीएमई-सीएलआय टाका आणि सुडो एनव्हीएमई आयडी-कंट्रोल /डेव्ह/एनव्हीएमई० बघा (उपकमांडचं स्पेलिंग आय-डी, आडवी रेघ, सी-टी-आर-एल). शेवटी पीएस ० पासून याद्या असतात, प्रत्येकीत एनलॅट (आत शिरायचा वेळ) आणि एक्सलॅट (बाहेर यायचा वेळ). समजा पीएस ३ ला २१० आणि १२००, आणि पीएस ४ ला २००० आणि ८००० दिसले. म्हणजे एक्सलॅट अनुक्रमे १२०० आणि ८०००. मर्यादा ५५०० ठेवली की पीएस ३ चालू राहते आणि फक्त पीएस ४ बंद होते. बहुधा गडबड सगळ्यात गाढ अवस्थेतच असते. तुमचे आकडे वेगळे असतील, त्या दोहोंच्या मधला कोणताही आकडा घ्या.

शून्यावरही हँग झाला तर मग पीसीआयई_एएसपीएम, म्हणजे एसएसडीपर्यंत जाणाऱ्या वाटेचीच वीजबचत. डीमेसेज पीसीआयई_एएसपीएम=ऑफ सुचवतं. त्याने कर्नेल एएसपीएमला हात लावत नाही एवढंच, बायोसने जे चालू ठेवलंय ते तसंच राहतं. खरोखर बंद करायचं तर पीसीआयई_एएसपीएम.पॉलिसी=परफॉर्मन्स.

दरम्यान दोन कामं उरकून घ्या. एक्स्ट४ एररसकट रीड-ओन्ली झाली होती, तेव्हा पुढच्या बूटला एफएससीके.मोड=फोर्स जोडून फाइल सिस्टम पूर्ण तपासून घ्या. आणि सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एनव्हीएमई० मध्ये मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स शून्य आहे ना ते पाहा (स्मार्टमॉनटूल्स हे पॅकेज लागेल). अनसेफ शटडाउन्सचा आकडा वाढलेला दिसेल, तो बटण धरून बंद केल्याचा, त्याची काळजी नको.

रूट_माणूस:

शेलकींचं निदान पटलं. एक भर: टीएलपी हे वीजबचतीचं पॅकेज टाकलेलं आहे का? २४.०४ मध्ये तशाच कामाचा पॉवर-प्रोफाइल्स-डीमन मुळातच असतो, आणि दोघे एकाच वेळी एकाच गोष्टीवर हक्क सांगतात. टीएलपी एएसपीएमची पॉलिसीही बदलू शकतं. असेल तर चाचणीपुरतं काढा, नाहीतर चार्जर लावल्यावर एक निकाल आणि बॅटरीवर दुसरा, असा गोंधळ होईल. सध्याची पॉलिसी कॅट /सिस/मॉड्यूल/पीसीआयई_एएसपीएम/पॅरामीटर्स/पॉलिसीने दिसते, चौकटी कंसातली ती चालू असलेली.

एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्सही चालवून बघा. एसएसडीचं नवं फर्मवेअर मिळालं तर बरेचदा मूळ रोगच जातो. आधी बॅकअप घ्या आणि चार्जर लावून ठेवा.

खिडकीबंद:

टीएलपी नाहीये. शून्यावर हँग थांबला. माझ्या एसएसडीत पीएस ३ चा एक्सलॅट ५५०० च्या बराच खाली आणि पीएस ४ चा बराच वर आहे, म्हणून ५५०० लावलं. अजून तरी व्यवस्थित, रात्रभर पडून राहिला तरी सकाळी लगेच जागा. एफएससीकेने थोडं दुरुस्त केलं, इंटिग्रिटी एरर्स शून्य. एसएसडीचं फर्मवेअर अपडेट काही दाखवत नाही. आता हे कायमचं कसं करू? आणि हे कुठे कळवावं का?

जुना_पेंग्विन:

/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडा. ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्टच्या अवतरणचिन्हांच्या आत, क्वायट स्प्लॅशच्या पुढे एक जागा सोडून पॅरामीटर लिहा, सेव्ह करा, सुडो अपडेट-ग्रब. ही शेवटची कमांड विसरली तर फाइल बदलूनही काही होत नाही. रीबूट केल्यावर कॅट /प्रॉक/सीएमडीलाइनमध्ये तो दिसायला हवा आणि कॅट /सिस/मॉड्यूल/एनव्हीएमई_कोअर/पॅरामीटर्स/डिफॉल्ट_पीएस_मॅक्स_लेटन्सी_यूएसने ५५०० दाखवायला हवेत. पॅरामीटरच्या नावात एखादं अक्षर चुकलं तर कर्नेल न थांबता पुढे जातं, म्हणून दुसरी तपासणी महत्त्वाची. फेडोरावर हेच काम सुडो ग्रबी --अपडेट-कर्नेल=ऑल --आर्ग्स="..." ने होतं, ऑल मोठ्या लिपीत.

पॅरामीटर नकोच असेल तर ६.८ वर राहणं हाही सरळ मार्ग आहे. पण जुनी फाइल होल्ड करून नको, तिला सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. २४.०४ चं मूळ कर्नेल ६.८ च आहे. लिनक्स-जेनेरिक हे पॅकेज टाकलंत की त्याच मालिकेतली दुरुस्त कर्नेलं येत राहतात. ६.१४ आणणारं लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४ काढावं लागेल, शिवाय बसलेली ६.१४ ची इमेजही, नाहीतर ग्रब सगळ्यात नवं कर्नेलच उचलतं.

कळवाच. ६.१४ वर असतानाच उबंटू-बग लिनक्स चालवा, बरीचशी माहिती तो आपोआप जोडतो. त्यात डीमेसेजच्या त्या ओळी, आयडी-कंट्रोलचं आउटपुट आणि एलएसपीसीआय -एनएन मधली एसएसडीची ओळ घाला. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात व्हेंडर आणि डिव्हाइसचा क्रमांक असतो. एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये हट्टी एसएसडींची यादी आहे, ती याच क्रमांकांवर चालते. तुमचा त्यात गेला की गाढ झोप आपोआप टळेल आणि पॅरामीटर काढून टाकता येईल.

शेलकी:

झाकण मिटून झोपवल्यावर मात्र हा पॅरामीटर कामाचा नाही. एस२आयडलमध्ये (झाकण मिटल्यावरच्या झोपेत) ड्रायव्हर बहुधा एपीएसटीची वाट न बघता एसएसडीला स्वतःच सगळ्यात गाढ अवस्थेत पाठवतो. तेव्हा झाकण उघडल्यावर पुन्हा तशीच सीएसटीएसची ओळ दिसली, तर ५५०० वर शंका घेऊ नका. रिपोर्टमध्ये ते वेगळं लिहा आणि तोवर झाकण मिटण्याऐवजी शटडाउन करा.